त्याच्या हातातलं मीटर आणि आमच्या हातात आलेलं मीटर

माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर त्याच उन्हाळ्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता आणि मुलीच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बाजूला उघडते. तिनं एका रात्री सहज विचारलं, "आई, मी हॉलमध्ये झोपू का?" का, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून मला झोप नव्हती.

आपण घाबरलेले असतो तेव्हाच रेडिएशनची भीती दाखवून मीटर आणि स्टिकर विकणारी माणसं दारात येतात, म्हणून हे आधी सांगितलं. मी एकतीस वर्षं बँकेत काम केलं आहे. खोट्या सह्या मी काउंटरवर बसल्या बसल्या ओळखत असे. तरीही फसले.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला होता : घरातलं रेडिएशन मोफत तपासून मिळेल. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अतिशय मऊ. मुलीला बघताच म्हणाला, "ताईंना उभं राहू देऊ नका काकू, बसू द्या." त्याच्या बॅगेत एक चांगलं वजनदार मीटर होतं, पुढे त्रिकोणी सपाट अँटेना असलेलं. ते त्यानं खिडकीकडे धरलं आणि मीटर करकरायला लागलं. पडद्यावर आकडा आला १,८४०. मग त्यानं एक रंगीत तक्ता काढून टेबलावर ठेवला. ०.१ च्या खाली हिरवा, १० पर्यंत पिवळा, १,००० पर्यंत नारिंगी आणि त्यापुढे लाल. लाल पट्ट्यात लिहिलं होतं, 'अतिधोकादायक'. मुलीनं पोटावर हात ठेवला. मला तो हात अजून दिसतो.

त्यानंतर त्यानं एक सोनेरी गोल स्टिकर काढून राउटरवर चिकटवला, दुसरा खिडकीच्या काचेवर, आणि पुन्हा मोजलं. आकडा ६० वर आला. करकर थांबली. त्या शांततेनंच माझा निर्णय करून टाकला, असं आता वाटतं.

आठ स्टिकर, नऊशे रुपयाला एक, म्हणजे ७,२०० रुपये. "रोज स्वतः तपासता यावं" म्हणून एक मीटर, १४,५०० रुपये. आणि चांदीच्या धाग्याच्या पडद्यासाठी १०,००० आगाऊ. एकूण ३१,७०० रुपये एका दुपारी गेले. पैसे यूपीआयवरून गेले, तेही कंपनीच्या नव्हे तर एका माणसाच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, "पडद्याबरोबर एकत्रच देतो काकू, जीएसटी लावून." बँकेत असते तर असल्या वाक्यावर मी पेन खाली ठेवलं असतं.

मीटरचं खोकं त्यानं सीलबंद दिलं. संध्याकाळी उघडलं तर आत त्याच्या हातातलं मीटर नव्हतंच. रिमोटएवढं पांढरं प्लास्टिकचं यंत्र होतं, अँटेना नसलेलं. खोक्यावर छापलं होतं, '५ हर्ट्झ ते ३५०० मेगाहर्ट्झ'. फोन केला तर म्हणाला, ते प्रयोगशाळेचं, हे घरगुती, काम तेच. आम्ही मानलं.

जवळजवळ दोन आठवडे मी ते यंत्र घेऊन घरभर फिरत होते. फ्रिजजवळ आकडा वाढायचा, मिक्सरजवळ तर फारच. पलंगाच्या उशाच्या भिंतीला लावलं की लाल दिवा. मी मुलीचा पलंग दोनदा हलवला, सातव्या महिन्यात त्या पोरीला या खोलीतून त्या खोलीत फिरवलं. पैसे गेले त्याहून मला हे जास्त लागलं आहे.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. यंत्र माझ्या हातातच होतं. आकडा सरळ शून्यावर आला. पंखा बंद, फ्रिज बंद, राउटर बंद. पण समोरच्या इमारतीखाली टॉवरचा जनरेटर धडधडायला लागला होता आणि माझ्या मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. मुलीला त्याच वेळी जावयांचा फोन आला. ती खिडकीशी उभी राहून बोलत होती, मी यंत्र तिच्या फोनला अगदी चिकटवून धरलं. शून्य.

टॉवर चालू, फोन चालू आणि मीटर गप्प. म्हणजे ते टॉवर मोजतच नव्हतं. इतके दिवस मी आमच्या भिंतीतल्या वायरी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीचा मुलगा आला. तो इलेक्ट्रॉनिक्समधला आहे. त्यानं पाहताक्षणी सांगितलं, "मावशी, हे पन्नास हर्ट्झचं यंत्र आहे." घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे ५० हर्ट्झ, त्यामुळे वायरीभोवती जे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते हे यंत्र दाखवतं. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख आवर्तनं. मोबाइलच्या लहरी ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झच्या, ५जी बरीचशी ३३०० च्या पुढे, वायफाय २४०० आणि ५००० च्या आसपास. सेकंदाला ५० आणि सेकंदाला कोट्यवधी, या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळा सेन्सर लागतो, वेगळी अँटेना लागते. खोक्यावर ३५०० छापलं म्हणून यंत्राला ते ऐकू येत नाही. ओळखायची आणखी एक खूण त्यानं दाखवली : यंत्राचे आकडे मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आणि व्होल्ट प्रति मीटर (विद्युत क्षेत्राचं एकक) यांतच होते. मोबाइल-वायफायच्या लहरी मोजणाऱ्या घरगुती मीटरवर बहुधा मायक्रोवॅट किंवा मिलिवॅट प्रति चौरस मीटर हे एकक असतं. नुसतं व्होल्ट प्रति मीटर पाहून मात्र निर्णय करू नका, चांगल्या मीटरवरही ते असू शकतं. भरवशाची परीक्षा साधी आहे. मीटर फोनशेजारी धरा आणि कॉल लावा. आकडा उडाला नाही तर ते परत करा.

आता त्या पहिल्या, खऱ्याखुऱ्या मीटरचं. त्या दुपारी मुलीनं जावयांना पाठवायला म्हणून व्हिडिओ काढला होता. भाच्यानं तो थांबवून थांबवून आम्हाला दाखवला. पहिल्या वेळी त्या तरुणाचा डावा हात मीटरच्या अगदी जवळ आहे आणि त्यात त्याचा फोन आहे, स्क्रीन उजळलेली. हातभर अंतरावरचा बोलता फोन मीटरला समोरच्या गच्चीवरच्या टॉवरपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. दुसऱ्या वेळी फोन बॅगेत गेलेला आहे, तो स्वतः खिडकीला पाठ करून उभा आहे आणि अँटेना जमिनीकडे वळवलेली आहे. तसली अँटेना ज्या दिशेला रोखाल तिकडचंच मुख्यतः मोजते आणि मधे माणसाचं शरीर आलं तर तेही लहरी बऱ्यापैकी अडवतं. स्टिकरचा त्यात काही संबंध नव्हता. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं, चौघंजण बघत होतो, आणि चौघांचंही लक्ष आकड्यावर होतं.

स्टिकरची परीक्षा तर पाच मिनिटांत झाली. भाच्यानं माझा फोन स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोन पदरी घट्ट गुंडाळला आणि त्याच्या फोनवरून रिंग दिली. लागली नाही. मग फॉइल काढून पुढे-मागे चार स्टिकर लावले. पहिल्या झटक्यात रिंग आली. लहरी खरंच अडल्या असत्या तर फोन वाजला नसता. आणि एखादा स्टिकर खरंच थोडं अडवत असेल तर ते जास्तच वाईट, कारण रेंज कमी पडली की फोन आपली ताकद वाढवून टॉवर शोधतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अशा ढालींबद्दल ग्राहकांना हाच इशारा दिलेला आहे. पडद्याचंही तसंच : धातूच्या धाग्याचं कापड काही प्रमाणात अडवतं, पण खोलीच्या आत तुमचा फोन असेल तर तो जास्त जोर लावणार. नेदरलँडमध्ये तर डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं ५जीपासून संरक्षण म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासून ती वापरू नका असं बजावलं, कारण त्यांतच किरणोत्सारी पदार्थ सापडले होते. त्यांत लहान मुलांचं ब्रेसलेट होतं. हे वाचल्यावर मी उरलेले चार स्टिकरही त्याच रात्री काढून टाकले.

आणि १,८४० हा आकडा? मला वाटलं होतं तोही खोटाच असणार. पण खरी लबाडी त्या तक्त्यात होती.

भारतात सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केली गेली. ९०० मेगाहर्ट्झला ती ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. याचे मायक्रोवॅट केले तर होतात साडेचार लाख. त्या तरुणानं दाखवलेला १,८४० हा मायक्रोवॅटमधला आकडा होता, म्हणजे मर्यादेच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, तोही फोन शेजारी धरून. त्याचा रंगीत तक्ता जर्मनीतल्या घरबांधणीविषयक एका खासगी संस्थेनं झोपण्याच्या जागांसाठी सुचवलेल्या आकड्यांवरून उचललेला होता. कुणाला तितकी खबरदारी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण तो कायदा नाही आणि आजारी पडण्याची रेषाही नाही. आम्हाला मात्र तो सरकारी नियम म्हणून दाखवला. वॅटचे मायक्रोवॅट केले की आकडा दहा लाखपट दिसतो. चौरस सेंटिमीटरचं चौरस मीटर केलं की दहा हजारपट. म्हणून मीटर घेताना किंवा कुणी मोजून दाखवताना आकड्याच्या आधी त्याखालचं बारीक अक्षरातलं एकक वाचा, आणि कागदावर लिहून घ्या.

मी कुणाला भीती बाळगू नका असं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात टाकलं आहे, हे खरंच आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हेही खरं आहे. मुलीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, फोन उशाखाली ठेवू नका, लांब बोलायचं तर इअरफोन लावा, बाकी चालायला जा. हा सल्ला फुकट मिळाला होता, आणि तोही आधीच.

भाच्यानं शेवटी आम्हाला जो रस्ता दाखवला तो आधी कुणी का सांगितला नाही याचं मला फार वाईट वाटतं. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. आपल्या भागातले टॉवर त्यावर नकाशात दिसतात, आणि ४,००० रुपये भरले की विभागाची माणसं येऊन मोजणी करतात. आम्ही अर्ज केला. त्यांच्या मीटरला टोकाशी गोळा होता, तो सगळ्या दिशांचं एकत्र मोजतो. त्यांनी ते तिकाटण्यावर ठेवलं, सगळ्यांना लांब उभं केलं, आमचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले. बराच वेळ मोजून सरासरी काढली. खिडकीत आलेला आकडा होता ०.००३९ वॅट प्रति चौरस मीटर.

मायक्रोवॅटमध्ये ३,९००. त्या तरुणाच्या तक्त्यात हा गडद लाल पट्टा झाला असता. मर्यादेच्या तुलनेत तो एक टक्क्याच्या आत होता. मुलगी त्या रात्री आपल्या खोलीत झोपली.

एवढं होऊनही कुणाला स्वतःचं मीटर घ्यायचं असेल तर मी त्यांना नाही म्हणणार नाही, कारण आपल्या हातानं मोजल्याशिवाय मन शांत होत नाही हे मी अनुभवलं आहे. फक्त जे यंत्र हातात घेऊन दाखवलं तेच, त्याच क्रमांकाचं घ्या. त्या क्रमांकाचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर अचूक मोजतं का ते तपासल्याचं, प्रमाणपत्र मागा. ते कोणत्या मेगाहर्ट्झपासून कोणत्या मेगाहर्ट्झपर्यंत मोजतं ते निर्मात्याच्या पुस्तिकेतून वाचा, खोक्यावरून नको. पुष्कळ मीटर २७०० ला थांबतात, त्यांना ५जीचा मोठा भाग आणि ५००० चं वायफाय कळतच नाही. शिखर आणि सरासरी दोन्ही दाखवणारं हवं, कारण वायफाय सतत वाहत नाही, ठोके देतं. राउटर नुसता चालू असला तरी सेकंदाला साधारण दहा ठोके देतो. शिखराचा आकडा बघून घाबरायचं आणि तो सरासरीच्या मर्यादेशी ताडायचा, ही गल्लत विकणारे मुद्दाम करतात. आणि अंतर लिहून ठेवा : राउटरपासून वीतभर अंतरावर जे दिसतं ते दहापट लांब गेल्यावर साधारण शंभरावा भाग उरतं.

त्या तरुणाचा नंबर पडद्याच्या तारखेआधीच बंद झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. बिल नाही, कंपनीचा पत्ता नाही, ओळखपत्रावरचं नाव आणि यूपीआयवरचं नाव वेगळं. पोलिसांकडे अर्ज दिला आहे, सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि मुलीचा तो व्हिडिओ जोडला आहे. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात आणखी कुणाकडे सोनेरी गोल स्टिकर आणि पांढरं यंत्र पोचलं असेल तर खोकं फेकू नका, पैसे पाठवल्याचा मेसेज पुसू नका, आणि आपापल्या पोलीस ठाण्यात तुमचाही अर्ज द्या. आमच्या सोसायटीतल्या आणखी दोन घरांनी आता दिला आहे.