सात ते नऊची किंमत: डंजन वर्ल्ड घ्यावं की डीअँडडी?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मित्राचा परवा फोन आला. तो शिक्षक. शाळेतले दोघे आणि शेजारचे तिघे असे पाच जण जमलेत, पावसाळ्यातले रविवार मोकळे आहेत, आणि खेळ एकच शिकायचा आहे. "डंजन वर्ल्ड घेऊ की डीअँडडी? एका वाक्यात सांग रे." एका वाक्यात सांगायला गेलो आणि पाऊण तास बोललो. तेच इथं जरा सावरून लिहितोय. नवख्यांसाठी एवढंच: दोन्ही टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचे पात्रांचे खेळ. डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, शीट म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, आणि डीएम म्हणजे खेळ चालवणारा, पात्रांभोवतीचं जग आणि राक्षस सांभाळणारा माणूस.

आधी माझी बाजू सांगतो. फोंड्याला आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोन पावसाळे डंजन वर्ल्ड खेळलो. त्यानंतर आजपर्यंत डीअँडडीची पाचवी आवृत्ती चालू आहे, तीही २०१४च्या पुस्तकांवर. २०२४ची सुधारित पुस्तकं मी घेतलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल गप्प बसतो. आणि दोन्हीकडे डीएमच्या खुर्चीत मीच होतो. खेळाडू म्हणून बसलो असतो तर कदाचित उलटं लिहिलं असतं, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

डीअँडडीत नियम आणि डंजन वर्ल्डमध्ये गोष्ट, अशी सरसकट वाटणी लोक करतात. ती मला पटत नाही. नियम दोन्हीकडे आहेत. प्रश्न आधी कोण बोलतं एवढाच आहे. डंजन वर्ल्डमध्ये खेळाडू म्हणतो, "मी होडीतून मगरीच्या पाठीवर उडी मारतो." त्यानं नियमाचं नावही घ्यायचं नसतं. वाक्य ऐकून टेबल ठरवतं की यात धोका आहे, म्हणजे दोन फासे टाक. २०१०मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा अपोकॅलिप्स वर्ल्ड हा खेळ आला, त्यातून ही पद्धत निघाली, आणि २०१२च्या डंजन वर्ल्डनं ती तलवारी-जादूच्या जगात आणली. डीअँडडीत तेच वाक्य अर्धं झालं की खेळाडूची मान खाली जाते. नजर शीटवर. ही उडी म्हणजे अ‍ॅथलेटिक्स की अ‍ॅक्रोबॅटिक्स? याच पाळीत बसेल ना? बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली जादा कृती, उरली आहे का?

ही खाली गेलेली मान मला पहिली दोन वर्षं फार खुपायची. आमच्यातला एक फार्मासिस्ट आहे, बोलायला लागला तर समोरच्यानं चहा विसरावा असा. डीअँडडीत त्याच्या तोंडून पहिले तीन रविवार फक्त आकडे आले.

दोन्ही खेळांचा स्वभाव बघायचा असेल तर ड्रॅगन बघा. डंजन वर्ल्डच्या ड्रॅगनला हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, १६. पाचव्या आवृत्तीतल्या प्रौढ लाल ड्रॅगनला २५६. कुणाला वाटेल पहिला खेळ पोरकट आहे. तसं मुळीच नाही. डंजन वर्ल्डमधल्या ड्रॅगनची भीती आकड्यात नसते, डीएमच्या तोंडात असते. त्याच्या अंगाशी पोचायलाच अर्धी संध्याकाळ जाते, आणि पोचलेल्याचा हात खांद्यापासून जाऊ शकतो. तिथं हिट पॉइंट मोजत कोण बसतो? डीअँडडीत तीच भीती पुस्तकात छापून मिळते. डीएमला सर्दी झाली असली तरी ड्रॅगन ड्रॅगनच राहतो. सर्दीचं हे वाक्य आत्ता विनोदासारखं वाटेल. माझा निकाल शेवटी त्यावरच लागला.

नवख्यांसाठी डंजन वर्ल्ड उजवा, यात मला शंका नाही. माझी भाची चवथीच्या सुट्टीत आली होती. तिला दोन कागद हातात दिले आणि दहाव्या मिनिटाला ती चोर होऊन देवळाच्या छपरावर होती. पाचव्या आवृत्तीचा प्लेअर्स हँडबुक ३२० पानांचा. सगळा वाचायचा नसतो हे खरं, पण बघणाऱ्याला धडकी भरतेच. मराठीत खेळायलाही डंजन वर्ल्ड सोपा जातो, कारण मुळात तिथं साधं बोलायचंच असतं. डीअँडडीत "सेव्ह मार", "रिअ‍ॅक्शन उरली काय तुझी" अशी एक खिचडी तयार होते. आम्हाला आता तीच गोड लागते, ते सोडा.

आता सात ते नऊ.

डंजन वर्ल्डमध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. दहा किंवा वर आलं तर फत्ते. सहा किंवा खाली आलं तर डीएमची पाळी, आणि खेळाडूला एक अनुभवगुण. मधलं सात ते नऊ म्हणजे जमलं, पण काहीतरी किंमत मोजून. वाचताना मला हे फार आवडलं होतं. "नाही जमलं, पुढचा बोल" या कोरड्या नकारापेक्षा शतपटीनं बरं.

आता गणित करा. छत्तीस शक्यतांमध्ये, खेळाडूला फाशांच्या बेरजेत मिळवायला +१ असेल तर, १० वेळा अपयश, १० वेळा पूर्ण यश आणि १६ वेळा ही मधली पायरी. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा निकालच असा की तिथं कुणीतरी किंमत सुचवायची असते. सगळीकडे ती डीएमनंच सुचवायची असं नाही, खोटं कशाला बोलू. तलवारीच्या मारामारीत किंमत ठरलेली आहे, शत्रू उलटा वार करतो. बाण मारताना खेळाडूच तीनातलं एक निवडतो. पण 'डिफाय डेंजर' नावाची जी चाल आहे, धावणं, चढणं, लपणं, निसटणं सगळं जिच्या पोटात जातं, तिथं सात ते नऊ आलं की पाचही माना माझ्याकडे वळतात. आणि माझे खेळाडू धावणं, चढणं, लपणं, निसटणं याशिवाय दुसरं काही करत नाहीत.

चार वाजता बसायचो. सहापर्यंत मला भराभर सुचायचं. दोर तुटला नाही, पण त्याचा आवाज पहारेकऱ्यापर्यंत गेला. भिंत चढलास, पण आईनं दिलेला ताईत खाली राहिला. झकास. साडेसातच्या पुढे डोकं कोरडं पडायचं. बाहेर पाऊस, आत डास, शीटचे कागद ओल धरून वळलेले, पेन्सिल टेकवली की फाटणारे. फासे पडले, पाच आणि तीन, आठ. सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हणायचो, "जमलं... पण तुमची मशाल विझली."

तिसऱ्या का चौथ्या रविवारी आठ पडल्याबरोबर फार्मासिस्टानं माझ्याआधीच सांगून टाकलं, "मशाल विझली, माहीत आहे. पुढं चला." सगळे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री वहीत बघितलं तर एकाच बैठकीत मशाल चार वेळा विझली होती. त्यातल्या एकदा तर दिवस होता.

डंजन वर्ल्डवाले यावर म्हणतात की डीएमसाठी चालींची यादी दिलेली आहे, ती समोर ठेव. यादी आहे, मान्य. त्या यादीत खेळाडूंची साधनं संपवायला सांगितलं आहे. मशाल हे साधनच. किंमत खेळाडूंनाच विचार, असंही सांगतात. आम्ही विचारलं. आमच्यात एक वकील आहे, त्याला स्वतःवर किंमत लावून घ्यायला सांगितलं तर काय होतं ते मी वर्णन करत नाही.

पाचव्या आवृत्तीतही किंमत मोजून यश आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. डंजन मास्टर्स गाइडमध्ये ऐच्छिक नियम म्हणून दिलंय: एका किंवा दोन गुणांनी हुकलं तर जमू दे, पण अडचणीसकट. वीस बाजूंच्या फाशावर दोन बाजू म्हणजे १० टक्के. तिकडे छत्तिसातले सोळा, जवळजवळ ४५ टक्के. मला एका संध्याकाळी चार चांगल्या अडचणी सुचतात. वीस नाही सुचत.

आणि उरलेल्या वेळी नियम गोष्ट मारतात का? मलाही तसंच वाटायचं. मग मगरीची बैठक झाली. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत हे इथं सगळ्यांना माहीत, म्हणून मीही खेळात तसाच कालवा, तसाच चिखल आणि बुडायला आलेली एक होडी घातली. पाचव्या आवृत्तीतली मगर अगदी साधी आहे, १९ हिट पॉइंट. चावली की धरून ठेवते, सुटायला बाराचा आकडा हवा. खाली एक बारीक वाक्य आहे: एकाला धरून ठेवलेलं असताना ती दुसऱ्याला चावू शकत नाही. पहिल्याला धरलं तेव्हा हे वाक्य मी नियम म्हणून वाचून दाखवलं, बाकी काही नाही. तो सुटला. मग फार्मासिस्ट, जो एरवी आकडे बोलतो, दोन क्षण गप्प बसला आणि म्हणाला, "मी डावा हात तिच्या तोंडात देतो. सुटायचा प्रयत्न करणार नाही. तुम्ही पोरांना घेऊन पार व्हा."

बाल्कांवात कुणी बोललं नाही. वरून फक्त छपराच्या नळ्यांवरचा पाऊस.

हे मला सुचलं नसतं. दोन पावसाळ्यांत एकदाही सुचलं नव्हतं. मगर काय करू शकत नाही हे छापलेलं होतं, म्हणून त्याला तिथं शिरायला जागा मिळाली. डंजन वर्ल्डमध्ये ती मगर काय करेल ते माझ्यावर, आणि माझ्या मनात काय आहे यावर कुणी हात पणाला लावत नाही.

माझा एक पेडण्याचा दोस्त याच्या अगदी उलट बोलतो, आणि दशावताराचा दाखला देतो. जत्रेतल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात, मग तुला एवढे नियम कशाला, असं त्याचं म्हणणं. मला तोच दाखला माझ्या बाजूचा वाटतो. आख्यान आधी ठरलेलं असतं, राजा कोण, राक्षस कोण तेही ठरलेलं, आणि शेवटी राक्षस पडणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत. म्हणून तर पखवाजावर घुमत येणारा नट सगळी अक्कल बोलण्यात आणि लढण्यात खर्च करू शकतो. त्याला दर दोन मिनिटांनी नवं कथानक काढायचं नसतं. दोस्ताला अजून पटलेलं नाही. आमचं हे भांडण जुनं आहे.

डीअँडडीत मला अजून खटकतं ते इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कुणाची पाळी कधी ते फाशांवर ठरवणं. रंग भरलेला असताना "थांबा, फासे टाका, क्रम लावू" म्हणजे नाटकाच्या मध्ये तिकिटं तपासण्यासारखं. आम्ही आता ते खेळ सुरू होण्याआधीच टाकून ठेवतो, कागद उलटा करून. पूर्ण इलाज नाही, पण चालतं. सहा खेळाडू असतील तर लढाई लांबते, त्यालाही इलाज नाही.

तर मित्राला मी काय सांगितलं? तुमच्यात डीएमची खुर्ची फिरणार असेल, दर दोन रविवारी नवा माणूस बसणार असेल, तर डंजन वर्ल्ड घ्या. ताजं डोकं असेल तर तो खेळ फार सुंदर आहे, आणि मी अजूनही एखादी सुटी संध्याकाळ असली की तोच काढतो. पण तूच कायम बसणार असशील, शनिवारी रात्री पेपर तपासून रविवारी चार वाजता, तर माझा कल तुला कळलाच असेल.

पैसे घालायच्या आधी दोन्ही फुकट वाचता येतात. डंजन वर्ल्डचा मजकूर खुल्या परवान्यावर आहे आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून तसेच खुले झाले. शीट मात्र लेसरवर छापून घ्या. इंकजेटची शाई आमच्याकडे जुलैत टिकली नाही, वकिलाचा जादूगार दोन आठवडे बिनानावाचा फिरत होता.