नादारीचा अर्ज की तडजोड? थकीत कर्जात अडकलेल्या गावकऱ्याने काय पाहून ठरवावे

खरिपाच्या तोंडावर जुने पीककर्ज थकीत असल्यामुळे सोसायटी नवे कर्ज देत नाही, कृषी केंद्रवाला मागच्या हंगामाची उधारी चुकती झाल्याशिवाय बियाण्याची पिशवी देत नाही, आणि दीडीने, म्हणजे एकाचे दीड करून घेत, पैसे देणारा मात्र आपणहून घरी येऊन बसतो. अशा घरातला शिकलेला मुलगा मोबाइलवर पाहून सांगतो की दिवाळखोरी जाहीर केली की सगळे कर्ज पुसले जाते. यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा भागातल्या ओळखीच्या लोकांनी नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करून खरेच सुटका होते का, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. उत्तर सरसकट ‘होय’ नाही आणि सरसकट ‘नाही’ असेही नाही. कर्जदाराच्या नावावर वावर किती आहे आणि देणे कोणाचे आहे, यावर ते ठरते.

मोबाइलवर जे दिसते ते बहुतेक वेळा अमेरिकेतले असते. तिथे शेतकरी कुटुंबांसाठी १९८६ पासून दिवाळखोरी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात जमीन कसत राहून तीन ते पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने फेड करण्याचा आराखडा न्यायालय मंजूर करते. आपल्याकडे तशी सोय नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे हे खरे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झालेला आहे. वर्षाचे उत्पन्न ६० हजार, मालमत्ता २० हजार आणि कर्ज ३५ हजार रुपयांच्या आत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या गरिबाला ‘नवी सुरुवात’ देणारे कलमही त्याच भागात आहे आणि तेही सामान्य माणसासाठी अजून अमलात आलेले नाही. त्या कलमाच्या नावाने कोणी अर्ज भरून देण्याचे पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

विदर्भातल्या गावकऱ्याला आज जो कायदा लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम होय. त्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात करावा लागतो. देणी फेडणे शक्य नसले पाहिजे, आणि त्याशिवाय ती पाचशे रुपये वा अधिक आहेत (रक्कम १९२० सालातली आहे, ती तशीच राहिली), किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे न्यायालयाच्या वसुलीच्या निकालापोटी, अटक झाली आहे, किंवा त्यापोटी मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे, यांपैकी काहीही एक असले की कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. अर्जात प्रत्येक धनकोचे, म्हणजे ज्याचे देणे आहे त्याचे, नाव, पत्ता व रक्कम, आणि स्वतःच्या सगळ्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते, तिच्या विक्रीतून धनकोंना वाटणी मिळते, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणत्याही विनातारण धनकोला नवा दावा लावता येत नाही. पुढे मुक्ततेचा आदेश मिळाला की उरलेले देणे संपते. दारात रोज उभे राहणाऱ्या वसुलीवाल्यांना कंटाळलेल्या माणसासाठी ही खरीखुरी सुटका आहे आणि ती मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता दोन घरे शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही काल्पनिक आहेत, पण आपल्या भागात अनोळखी वाटणार नाहीत.

पहिल्या घरात चार एकर कोरडवाहू जमीन आहे. सोसायटीचे पीककर्ज १ लाख ६० हजार, कृषी केंद्राची उधारी ७० हजार, सावकाराचे २ लाख आणि बायकोच्या नावे मायक्रोफायनान्सचे ६० हजार, असे सगळे मिळून ४ लाख ९० हजार रुपये देणे आहे. एकरी पाच लाख भाव धरला तर जमीन वीस लाखांची झाली. हा माणूस अडचणीत आहे, रात्रीची झोप उडालेला आहे, परंतु कायद्याच्या नजरेत ‘देणी फेडण्यास असमर्थ’ असल्याचे दाखवणे त्याला कठीण जाईल. त्यातूनही नादार ठरला तर पहिली जाईल ती जमीन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, पोटापुरती गुरे व बियाणे, स्वयंपाकाची भांडी, आणि धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्तीतून वाचतात. शेतजमीन या यादीत नाही. मुक्ततेचा आदेश होईपर्यंत वडिलोपार्जित हिस्सा वाट्याला आला, तर तोही रिसिव्हरकडे जातो. शिवाय सातबाऱ्यावर ज्याचा बोजा आहे, त्या तारणधारकाचा तारण विकून पैसे वसूल करण्याचा हक्क नादारीने थांबत नाही. बायकोचे कर्ज तिच्या नावाचे असल्याने नवऱ्याच्या अर्जाने ते हलतही नाही. अशा घराने नादारीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या घरातला माणूस मक्त्याने तीन एकर करतो. त्याच्या नावावर जमीन नाही, गावात दोन खोल्यांचे घर आहे. कपाशी बोंडअळीने गेली, सोयाबीन पावसात सापडले, आणि त्यात एका नातेवाइकाच्या ट्रॅक्टर कर्जाला तो जामीनदार राहिला होता, ते कर्ज बुडाले. देणे सहा लाखांवर आहे आणि एका धनकोने हुकूमनामाही मिळवला आहे. याच्याकडून घेण्यासारखे काही नाही. कलम ६० मध्ये ‘शेतकरी’ म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. कूळ आणि शेतमजूरही त्यात येतात, म्हणून त्याचे राहते घर वाचू शकते. मुक्तता मिळाली तर जामीनकीसह ही देणी मागे पडतात. भूमिहीन मजूर, मक्तेदार किंवा दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून बुडालेला माणूस यांच्यासाठी नादारीचा अर्ज हा गंभीरपणे विचारात घ्यावा असा मार्ग आहे. त्यांच्यापर्यंत या कायद्याची माहितीच पोहोचत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तरीही दुसऱ्या घरानेही अर्जाआधी काही गोष्टी तपासाव्यात. मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर न्यायालय बिनशर्त मुक्तता देत नाही. मात्र आपला दोष नसलेल्या परिस्थितीमुळे असे झाले, हे पटवून दिले तर ही आडकाठी दूर होते. त्यासाठी पीकनुकसानीचा पंचनामा, गावाची पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज), विम्याचे कागद आणि दवाखान्याची बिले जपून ठेवावीत. उधळपट्टी, जुगार किंवा परत करता येणार नाही हे ठाऊक असताना घेतलेले कर्ज दिसले, तर तेही मुक्ततेच्या आड येते. सरकारी देणे, फसवणुकीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून नादारीने सुटका होत नाही. नादारीआधीच्या दोन वर्षांत मुलाच्या किंवा भावाच्या नावे फुकट करून दिलेले वावर न्यायालय रद्द ठरवू शकते. ‘आधी जमीन नावावरून काढ, मग अर्ज कर’ असा सल्ला देणारा माणूस अडचणीत आणतो. मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेणेसुद्धा गुन्हा ठरतो. या प्रक्रियेला मुदतीची हमी नाही, ती वर्षानुवर्षे चालू शकते, आणि असे अर्ज चालवलेला वकील तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण गावात तिच्यामुळे नाती तुटतात. कर्जदाराची मुक्तता झाली तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. सोसायटीच्या कर्जाला चुलतभाऊ जामीन असेल, तर नादारीनंतर सगळी वसुली त्याच्याकडे वळते. तडजोडीत मात्र, रक्कम पूर्ण भरून कर्जखाते बंद झाले की जामीनदारही मोकळा होतो. दोन मार्गांमधला हा फरक मला पैशाच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

पहिल्या घरासाठी तडजोड अधिक योग्य आहे, पण तीही डोळे उघडे ठेवून करावी. राष्ट्रीयीकृत बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली परस्पर शेतजमीन ताब्यात घेऊन विकू शकत नाही, कारण शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. सहकारी सोसायटी व जिल्हा बँकेचे तसे नाही. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून त्या जप्ती व लिलावापर्यंत जाऊ शकतात. म्हणून पहिले बोलणे सोसायटीशी करावे. खात्याचे पुनर्गठन, म्हणजे थकीत कर्जाचे नव्याने हप्ते पाडणे, होत असेल तर ते आधी मागावे. एकरकमी परतफेडीची योजना असेल तर व्याजात किती सूट मिळते ते लेखी घ्यावे, भरणा पावतीवरच करावा, काही देणे उरले नाही असा बेबाकी दाखला घ्यावा आणि तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाल्याचा फेरफार प्रत्यक्ष पाहावा. बोजा तसाच राहून गेल्यामुळे पुढच्या हंगामात पुन्हा अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत असे खाते पूर्ण फेडलेले न दिसता ‘सेटल्ड’ दिसते आणि नवे कर्ज मिळायला त्रास होतो, हेही आधीच गृहीत धरावे.

लोकअदालतीची नोटीस आली की घरात धाक बसतो. ती नोटीस म्हणजे अटकेचा हुकूम नाही. तिथे बोलणी करता येतात आणि पटले नाही तर सही न करता परत येता येते. परंतु एकदा सही झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून तूर विकल्यावर जो हप्ता खरोखर भरता येईल तेवढाच कबूल करावा. कर्ज थकले म्हणून थेट तुरुंग होतो ही भीतीही काढून टाकावी. ऐपत नसलेल्या माणसाला केवळ देणे थकल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी मनाई आहे. कंपनी ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

सावकाराचे देणे या दोन्ही मार्गांच्या आधी वेगळे काढावे, कारण ते पूर्णच देणे लागते का, हाच पहिला प्रश्न आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वार्षिक ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के दर ठरवून दिला आहे. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के होतात. कर्ज देतेवेळी परवाना नसेल, तर न्यायालय त्या सावकाराला हुकूमनामा देत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल आणि त्याला पंधरा वर्षे झालेली नसतील, तर जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. पैसे दिल्याघेतल्याची चिठ्ठी, कोरा स्टॅम्प, फोनवरचे संदेश, त्या वेळी हजर असलेला शेजारी, यांतले जे असेल ते पुरावा म्हणून जपावे. पहिल्या घराचे सावकारी देणे दोन लाखांचे आहे. ते आधी या कार्यालयात तपासून घेतले, तर उरलेल्या २ लाख ९० हजारांसाठी जमीन विकावी लागणार नाही, अशी शक्यता बरीच वाढते.

कर्जमाफीची वाट पाहणे हा तिसरा पर्याय अनेक जण मनात धरून असतात. २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. २०१९ च्या योजनेत मुद्दल व व्याज मिळून दोन लाखांवर गेलेली खाती अपात्र ठरली. कृषी केंद्र, विनापरवाना सावकार आणि मायक्रोफायनान्स कोणत्याच योजनेत नव्हते. दोन लाखांच्या आतले पीककर्ज असेल तर थोडे थांबण्यात अर्थ असू शकतो. बाकी देण्यांसाठी थांबण्यात व्याज वाढते, एवढेच होते.

हे सगळे वाचून डोके सुन्न झाले असेल, तर आधी घरातल्या कोणाशी तरी बोलावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. कर्जदार गेल्याने कर्ज जात नाही, ते वारसांना मिळालेल्या मालमत्तेवर राहते, आणि वर सांगितलेला प्रत्येक अर्ज करायला तो माणूसच लागतो. त्यानंतर एका कागदावर चार रकाने आखावेत: देणे कोणाचे, कोणाच्या नावावर, तारण काय, जामीनदार कोण. तो कागद, सातबारा आणि आलेल्या सगळ्या नोटिसा घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. नादारीच्या अर्जाबद्दल विचारायचे असेल तर ‘प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०’ असे पूर्ण नाव घेऊन विचारावे, म्हणजे समोरच्याला नेमके काय हवे आहे ते कळेल.