फेस न येणारा क्लेन्झर आणि रोझेशियाचा चेहरा

सेटाफिलचा ‘जेंटल स्किन क्लेन्झर’ मी गेले अकरा महिने रोज दोन वेळा वापरते आहे. त्याच्याविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही, की तो चेहऱ्याला जवळजवळ काहीच करत नाही. रोझेशिया, म्हणजे गाल-नाक तापून लाल होण्याचा आणि त्यावर पुरळ येण्याचा त्वचाविकार, नसलेल्यांना ही तक्रार वाटेल. मी मात्र हे कौतुक म्हणून लिहिते आहे.

चाळिशी उलटल्यावर माझे गाल आणि नाक तापू लागले आणि त्यावर बारीक पुरळ आले. सावळ्या त्वचेवर लाली लालीसारखी दिसत नाही; आरशात दिसायचा तो काळपट तपकिरी पट्टा, आणि हात लावला की लागायची ती ऊब. त्यामुळे घरीदारी सर्वांनी ‘या वयात मुरुमे!’ असे निदान करून टाकले, आणि मीही कडुनिंबाचा फेसवॉश, रविवारी मुलतानी माती, तिच्यात लिंबाचे चार थेंब असा पाहुणचार चेहऱ्याला घडवत राहिले. एका पार्लरमध्ये तर स्क्रबने गाल इतके घासले गेले, की पुढचे दोन दिवस साध्या पाण्यानेही ते चुणचुणत होते. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी गालावर भिंग धरून रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्या दाखवल्या आणि मुरुमांत हमखास आढळणारे ब्लॅकहेड्स येथे नाहीत, हेही दाखवले; ही मुरुमे नव्हती, रोझेशिया होता. त्यावर मेट्रोनिडाझोल या औषधाचे जेल लिहून देताना त्यांनी बजावले, की आधी चेहरा धुण्याची पद्धत सुधारा, नाहीतर औषधही झोंबेल.

त्यामागचे कारण साधे आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा; ७च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ५च्या आसपास असतो; नेहमीच्या साबणाचा पीएच मात्र ९ ते १०पर्यंत जातो. निरोगी त्वचा हा धक्का काही तासांत पचवते, पण रोझेशियात तिचा संरक्षक थर आधीच दुबळा झालेला असल्याने प्रत्येक धुण्यागणिक ओलावा आणि तेल निघून जाते आणि आग वाढते. आपण ज्याला ‘स्वच्छ वाटणे’ म्हणतो, ते बोट फिरवल्यावर चर्र वाजणारे ताणलेपण, तीच खरे तर बिघाडाची खूण असते.

हा क्लेन्झर तळहातावर घेतला, की पातळ खिरीसारखा पसरतो. त्याला सुगंध नाही आणि फेस तर नावालाही येत नाही. पहिले आठ दिवस मला तोंड धुतल्यासारखेच वाटले नाही. हे मूळ सूत्र १९४७ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका औषधनिर्मात्याने तयार केले होते. त्याच्या जुन्या घटकयादीत सोडियम लॉरिल सल्फेट हा मळ काढणारा तीव्र घटक आणि पॅराबेन ही टिकाऊपणासाठीची रसायने होती. नव्या सूत्रात त्यांच्याऐवजी सौम्य घटक आले असून ग्लिसरीन, पँथेनॉल आणि नायसिनामाइड हे त्वचेला जपणारे घटकही आहेत. म्हणून जुन्या काळचे अभिप्राय वाचून मत बनवण्यापेक्षा हातातल्या बाटलीवरची यादी वाचावी. त्या यादीत ‘सीटोस्टिअरिल अल्कोहोल’ दिसले म्हणून दचकू नये. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, त्वचा कोरडी पाडणारे अल्कोहोल नव्हे. टाळायचे ते मेन्थॉल, कापूर, निलगिरी आणि सुगंध, म्हणजे नेमके ते सारे, ज्याला आपल्याकडे ‘थंडावा’ म्हणून विकले जाते.

वापरण्याची रीत वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून पाणी कोमट किंवा साधे असावे. मी बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट हलकेच फिरवून धुते आणि वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेल्या सुती पंच्याने, न पुसता, फक्त टिपते. पाणी न वापरता, नुसता लावून मऊ कापडाने टिपूनही तो काढता येतो. प्रवासात ही सोय मोलाची ठरते. चेहरा पूर्ण कोरडा व्हायला दहा मिनिटे देऊन मगच जेल लावते. ओल्या त्वचेवर लावलेले जेल किती झोंबते, हे एकदा अनुभवले की पुन्हा घाई होत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. हे औषध नाही; पुरळ कमी झाले ते जेलने, क्लेन्झरने फक्त त्याच्या वाटेत अडथळा आणला नाही. गडद मेकअप किंवा पाण्यात न उतरणारे सनस्क्रीन एका धुण्यात काढण्याची अपेक्षा इतक्या सौम्य वस्तूकडून करू नये. ऊन, फोडणीच्या वेळची गॅसजवळची धग आणि वाफाळता चहा माझे गाल आजही पेटवतात, त्यावर कोणत्याही बाटलीत उतारा नाही. चहा मी आता निववून पिते, आणि ते मला अजिबात आवडत नाही. डोळे लाल होऊन खुपत असतील, तर रोझेशिया डोळ्यांतही असू शकतो, तेव्हा सरळ डॉक्टरांकडे जावे. गोरेपणासाठी कोणी सुचवलेले स्टिरॉइडचे मलम लावत असाल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रोझेशियासारखी लाली त्यानेही येते.

साबणाच्या वडीच्या मानाने हा नक्कीच महाग पडतो. प्रथम १२५ मिलिलिटरची बाटली घ्यावी, चार दिवस जबड्याच्या कडेला लावून पाहावे आणि तिथे आग झाली नाही तरच गालांवर न्यावे. आमच्या घरी मोठी बाटली आणली तेव्हा यजमानांनीही एकदा वापरून पाहिला. फेस येत नाही म्हणून त्यांनी लगेच साबणानेही तोंड धुतले.