राजारामपुरीतला हाताच्या व्यायामाचा दवाखाना : बोट वाकलं, पण बसून बसून पाठ मोडली

चप्पल शिवताना रापी सटकली आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची कंडरा, म्हंजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटली. बोट वाकेचना. ऑपरेशन दुसरीकडं झालं, पण बोट चालू केलं ते इथल्या मॅडमनी.

चौथ्याच दिवशी आधाराची कडक पट्टी बसवून बोट हलवायला लावलं. मी घाबरलो. "मॅडम, टाका उसवला म्हंजे?" त्यांनी कागदावर काढून दाखवलं. प्रयोगशाळेत शिवलेली कंडरा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढतात. जोडावरून जितके जास्त धागे, तितका जोड भक्कम. २ पेक्षा ४ बरे, ४ पेक्षा ६. आमच्या वादीचं तरी दुसरं काय असतंय? पण नुसतं तुटणं बघत नाहीत, मधे फट किती पडते तेही मोजतात. १९९९ साली छापलेल्या, कुत्र्यांवरच्या प्रयोगात ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट पडलेल्या कंडरांची ताकद सहा आठवडे झाले तरी वाढली नव्हती. माझ्या बोटात ४ धागे, म्हणून हलवायला मुभा. चामडं ताणायला मात्र १२ आठवडे बंदी.

आता तक्रार. वेळ ११ ची देतात, नंबर साडेबाराला. पट्टीचे पैसे वेगळे, हे आधी कोण सांगणार? गाडी लावायला जागा नाही ती नाहीच.

बोट तळहाताला टेकतंय. शेवटचं पेर सकाळी जरा अडतं, कोमट पाण्यात धरलं की सुटतं. परवा चपलेचा पहिला अंगठा शिवला, टाका थोडा वाकडा गेला.