टायमर काढून डीपी कंट्रोलर बसवला, त्याबद्दल

आमच्याकडे चुनखडी दळण्याच्या विभागात धूळ अडवायला पल्स-जेट बॅग फिल्टर (हवेच्या झटक्याने साफ होणाऱ्या पिशव्यांचा फिल्टर) आहे. नीडल फेल्टच्या पॉलिएस्टर पिशव्या, आत तारेचे केज, वर कॉम्प्रेस्ड हवा साठवणारा जाड पाइप, म्हणजे हेडर, आणि त्यावर ओळीने डायफ्रॅम (लवचिक पडदा) असलेले व्हॉल्व्ह. आधी साधा टायमर होता. पंखा सुरू झाला की ठरलेल्या अंतराने एकेका ओळीला हवेचा फटका, मग पिशव्या मळलेल्या असोत की नसोत. त्याच्या जागी डिफरन्शियल प्रेशरवर (डीपी, म्हणजे दाबातल्या फरकावर) चालणारा कंट्रोलर बसवला. दमट आणि कोरडी, दोन्ही हवा त्याने पाहिली आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव घेत नाही. या जातीचे बहुतेक कंट्रोलर आतून सारखेच असतात.

काम सरळ आहे. पिशव्या ज्या भोकांच्या पत्र्याला टांगलेल्या असतात त्या ट्यूबशीटच्या खालच्या, धुळीच्या बाजूने एक नळी आणि वरच्या स्वच्छ बाजूने दुसरी, अशा दोन नळ्या कंट्रोलरला येतात. दोन्हीकडच्या दाबातला फरक तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवतो. आम्ही वरची मर्यादा 120 आणि खालची 90 ठेवली आहे. काटा 120 ला गेला की पल्सिंग सुरू, 90 ला उतरला की बंद.

आणि बंद म्हणजे खरंच बंद. पहिल्याच शिफ्टला ऑपरेटर धावत आला, "मॅडम, फिल्टर बंद पडलाय, ठोके ऐकू येत नाहीत." इतक्या वर्षांत ठोका म्हणजे फिल्टर चालू असा सगळ्यांचा समज झालेला. पण बारीक धूळ अडवण्याचं बरंचसं काम कापड करत नाही, कापडावर बसलेला धुळीचा पातळ थर करतो. तो सारखा झाडून टाकला की प्रत्येक फटक्यामागे चिमणीतून हलका भपका निघतो. शिवाय प्रत्येक फटक्याला कापड फुगतं आणि परत केजच्या तारांवर आपटतं. जुन्या पिशव्या उलगडून पाहा, झीज तारांच्या रेषेतच दिसेल. गिरणी रिकामी फिरत असतानाही टायमर फटके मारत राहायचा, म्हणजे पिशव्याही झिजत होत्या आणि कंप्रेसरही फुकट राबत होता. आता तो निवांत अनलोडवर, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत असतो. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हा कंट्रोलर घेण्यासारखा आहे.

पल्सचा वेळ कारखान्यातून 100 मिलिसेकंद लावून आला होता, तो तसाच ठेवला. "अजून वाढवा, जास्त साफ होईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. चादर झटकताना कामाला येतो तो पहिला हिसका, तसंच इथे. पिशवी एकदम फुगून थांबते तेव्हाच थर तडकून खाली पडतो. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडा राहिला तर हेडर रिकामा होण्यापलीकडे काही होत नाही आणि पुढच्या ओळीला मिळते ती मरगळलेली हवा. दोन पल्समधलं अंतर आम्ही हेडरच्या गेजवरून ठरवलं. फटक्यासरशी काटा खाली येतो, तो पूर्ण परत वर जाईपर्यंत दुसरा फटका द्यायचा नाही.

मेनूत आणखी दोन चांगल्या सोयी आहेत. पहिली, ओळी क्रमाने न मारता सोडून सोडून मारता येतात: 1, 4, 7, मग 2, 5, 8. त्यामुळे एका ओळीवरून सुटलेली धूळ शेजारच्या नुकत्याच साफ झालेल्या ओळीवर जाऊन बसत नाही. दुसरी, पंखा थांबल्यावरची सफाई. पंखा चालू असताना वर जाणारी हवा हलकी धूळ पुन्हा पिशव्यांवर नेऊन चिकटवते. पंखा बंद असला की तीच धूळ खालच्या हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या तळात) पडते. मात्र तेवढा वेळ हॉपरमधली धूळ बाहेर काढणारे स्क्रू आणि रोटरी व्हॉल्व्ह चालू राहिले पाहिजेत, नाहीतर सगळा माल हॉपरमध्येच तुंबतो. मॅन्युअलमध्ये याला जेमतेम एक ओळ दिली आहे. त्यासाठीचा इंटरलॉक (ते आपोआप चालू ठेवणारी जोडणी) आम्हीच ओढून घेतला.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी त्या नळ्यांची. धुळीच्या बाजूचं तोंड बुजलं की कंट्रोलर आंधळा होतो, आणि वाईट म्हणजे त्याला ते कळत नाही. स्क्रीनवर 94 दिसतंय, म्हणजे सगळं आलबेल असं समजून तो गप्प बसतो, आणि तिकडे धूळ ओढून घेणाऱ्या तोंडाशी, हुडपाशी, ओढ कमी होऊन धूळ बाहेर यायला लागलेली असते. चांगल्या चालणाऱ्या फिल्टरचा आकडा सारखा थोडा थोडा हलतो. तो ढिम्म हलत नसेल तर आधी नळीवर संशय घ्यावा. साफ करताना नळी कंट्रोलरकडून सोडवायची आणि मगच हवा मारायची, नाहीतर सेन्सर गेलाच म्हणून समजा. सोबत दिलेली 6 मिलिमीटरची नळी लांब होती. बसवणाऱ्यांनी तिचं वेटोळं करून ठेवलं होतं, त्यात पाणी साचायला लागलं. आम्ही ती कापून उतार दिला.

दुसरी तक्रार, "व्हॉल्व्ह फॉल्ट" या सोयीची जाहिरात जरा जास्तच केली आहे. कॉइल तुटली किंवा वायर सुटली तर तो सांगतो. डायफ्रॅम फाटला किंवा चिकटला तर सांगत नाही. कॉइलला करंट गेला म्हणजे पिशवीला हवा गेली असं नाही. त्यासाठी आमचा फिटर अजूनही वर चढून हेडरजवळ कान देतो. खणखणीत "ठप्" आला तर व्हॉल्व्ह ठीक, बारीक "फस्स" सतत ऐकू आलं तर डायफ्रॅम फाटला, आणि आवाजच नाही तर तो अडकला.

अलार्म वरच्या मर्यादेला लावूनच येतो. खालचा आपण लावून घ्यायचा. पिशवी फाटली किंवा निसटली की दाब चढत नाही, उतरतो, आणि ती बातमी जास्त महत्त्वाची आहे.

कॉम्प्रेस्ड हवेतून पाणी येत असेल तर मात्र हा कंट्रोलरही काही करू शकत नाही. कापडावर चुनखडीचा चिखल होतो, तो वाळतो, मग कितीही फटके मारा, आकडा 90 ला येतच नाही आणि पल्सिंग थांबत नाही. अशा वेळी खालची मर्यादा वाढवून त्याला गप्प करायचा मोह होतो. तसं न करता आधी हेडरचा ड्रेन उघडा, ड्रायर बघा, हॉपर भरलाय का ते बघा, डायफ्रॅम ऐका. पिशव्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

चुनखडी जळत नाही, म्हणून आम्हाला साधं मॉडेल चाललं. लाकूड, पीठ किंवा ॲल्युमिनियमची धूळ असेल तर स्फोटक धुळीच्या जागेसाठी प्रमाणित केलेलाच मागा.

ज्यांचा माल दिवसरात्र एकसारखा येतो त्यांना नीट लावलेला टायमरही पुरतो. आमच्यासारखी गिरणी थांबत-चालत असेल तर हा घ्या. ऑर्डर देतानाच नळ्यांसाठी पर्ज किट (हवा मारून नळ्या मोकळ्या ठेवणारा संच) आणि केबलच्या रिकाम्या भोकांसाठी बुचं लिहून घ्या. डबा आयपी 65 चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याच्या दर्जाचा आहे म्हणतात, पण आमच्याकडे तो दोन भोकं उघडी ठेवूनच आला होता.