हेजहॉगचा माग काढणारा बोगदा: घ्यावा की घरी करावा?

इंग्लंडमध्ये निसर्गनिरीक्षणाचं सामान विकणाऱ्या दुकानांत हेजहॉगच्या पावलांचे ठसे घेणारा बोगदा मिळतो. पाकीट उघडलं की निघतो पन्हळी प्लॅस्टिकचा सपाट पत्रा, एक पाटी, मास्किंग टेप, काजळीची पूड आणि ए-४ कागद. ‘एवढ्यासाठी पैसे मोजले?’ हा प्रश्न रास्त आहे. (हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे. काटे दोघांनाही असले तरी साळिंदर उंदरांच्या गणातलं आणि हा चिचुंद्रीच्या नात्यातला.)

पत्रा दुमडला की साधारण १.२ मीटर लांब आणि प्रत्येक बाजू २१ सेंमी असा तिकोनी बोगदा होतो. दोन्ही तोंडं उघडीच राहतात, त्यामुळे प्राणी अडकत नाही. आत सरकवायच्या पाटीच्या मधोमध खाऊची वाटी ठेवायची, वाटीच्या दोन्ही अंगांना टेपची पट्टी चिकटवून तिच्यावर काजळी-तेलाचा लेप द्यायचा आणि दोन्ही टोकांना क्लिपांनी कागद लावायचा. खाऊकडे जाताना पाय लेपात पडतात आणि बाहेर पडताना कागदावर उठतात.

सगळं गणित लेपावर आहे, आणि संचासोबतच्या पत्रकात नेमकं तेच दोन ओळींत उरकलेलं असतं. पूड आणि खाण्याचं तेल घोटून डोळ्यांत घालायच्या काजळाइतकं दाट करा. पातळ झालं तर ओघळून कागदापर्यंत जातं आणि ठशाच्या जागी डाग उरतो. फार घट्ट झालं तर गरम दिवसात सुकतं आणि पायाला लागतच नाही. शिक्क्याची शाई किंवा इंजिन ऑइल वापरू नका, कारण प्राणी पाय चाटतो. पूड मात्र घराबाहेर, हातमोजे घालून कालवा. ती स्वयंपाकघरात उडाली तर आठवडाभर पुसत बसाल.

खाऊ म्हणून मांसयुक्त कॅट फूड किंवा डॉग फूड मूठभर पुरतं. दूध कधीच नाही; हेजहॉगला ते पचत नाही.

जागा चुकली तर महागडा संचही कोराच राहतो. हिरवळीच्या मधोमध बोगदा ठेवणं ही नेहमीची चूक. हेजहॉग झुडपांच्या बांधाच्या, कुंपणाच्या, भिंतीच्या कडेकडेने फिरतो. म्हणून बोगदा त्या कडेला समांतर आणि अगदी चिकटून ठेवा. सोबतच्या खुंट्या नीट ठोका, नाहीतर वाऱ्याने पाटी सरकते. गाई चरतात त्या कुरणात तर ठेवूच नका, त्या चौकसपणे उलथवून टाकतात. मे ते सप्टेंबर हा हंगाम. हिवाळ्यात हा प्राणी झोपलेला असतो.

सलग पाच रात्री ठेवा आणि रोज सकाळी तपासा. ठसे उठले असतील तर कागद बदला, मागे तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहा, लेप ताजा करा. गोगलगायी कागद कुरतडतात, त्याला इलाज नाही. कोरे कागद जास्तीचे बाळगा. पहिल्या रात्री काही न उठणं म्हणजे प्राणी नाही असं नव्हे.

ठसा ओळखणं अवघड नाही. हेजहॉगचं पाऊल चिमुकल्या, पसरट पंजासारखं, रुंदी २.५ ते ३ सेंमी. उंदराचा ठसा अरुंद, बोटं चांदणीसारखी फाकलेली, पुढच्या पायाला चारच. मांजराचा गोल, नखांशिवाय.

मर्यादा स्पष्ट आहे: बोगदा ‘आहे का’ एवढंच सांगतो, ‘किती आहेत’ ते नाही. एकच प्राणी पाचही रात्री येऊन कागद भरून टाकू शकतो. पण याच साध्या पद्धतीने इंग्लंड-वेल्सच्या ग्रामीण भागातल्या २६१ ठिकाणी पाहणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेमतेम २२ टक्के ठिकाणी हेजहॉग सापडला. २०२० च्या लाल यादीत (धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत) ब्रिटनमधला हेजहॉग ‘असुरक्षित’ गटात गेला. अशा वेळी तारखेनिशी जपलेल्या कागदाला वजन असतं. ठसे मिळाले तर ‘बिग हेजहॉग मॅप’ या ऑनलाइन नकाशावर नोंद करा, आणि हेजहॉगला ये-जा करता यावी म्हणून शेजाऱ्याच्या संमतीने कुंपणाला तळाशी १३ × १३ सेंमीचं भोक पाडा.

फक्त आपल्या परसबागेपुरतं पाहायचं असेल तर हा संच घेऊ नका. त्या पैशांत भर घालून रात्री चालणारा ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारा) घ्या. तो चित्रही देतो आणि हात काळे होत नाहीत. गावाचा अख्खा शिवार तपासायचा असेल तेव्हा बोगद्याला तोड नाही: एक चौरस किलोमीटरला दहा लागतात, आणि दहा कॅमेरे कोण विकत घेणार? तरी दहाच्या दहा संच घेऊ नका. एक घ्या आणि उरलेले त्याच्या मापाने घरविक्रीच्या जुन्या पाट्यांतून कापा. एजंटला विचारलं तर तो देतो, आणि प्लॅस्टिक तेच असतं.