गूईडक: समुद्रतळातून उपसावा की किनाऱ्यावर पिकवावा?

शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गेलेला माझा भाचा तेथील गूईडक या अवाढव्य शिंपल्याच्या धंद्यात उतरू पाहतो. मात्र बुडी मारून समुद्रतळातून तो उपसणाऱ्या पाणबुड्यांच्या तुकडीत जावे की किनाऱ्यावरील त्याच्या शेतीत, हे भाच्याचे ठरत नाही.

खर्चाचे पाहिले तर पाणबुड्यांना बी लागत नाही, पण होडी लागते आणि राज्य सरकारच्या लिलावात हक्क विकत घ्यावा लागतो. शेतीत वाळूत प्लास्टिकच्या नळ्या रोवून, प्रत्येकीत तीन-चार पिल्ले सोडून, खेकड्यांपासून रक्षणासाठी वर जाळी बांधतात आणि पुढे 5 ते 7 वर्षे थांबतात. आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्षात तुटतो, तरी बिलासाठी जीव टांगणीला लागतो!

कष्ट दोन्हीकडे आहेत. पाणबुडा 18 ते 70 फूट खोलीवर, गारठ्यात, वाळूबाहेर आलेले शिंपल्याच्या सोंडेसारख्या लांब अवयवाचे टोक हुडकतो आणि पाण्याच्या झोताने भोवतालची वाळू सैल करून सुमारे तीन फूट खोल रुतलेला जीव हाताने उपसतो. शेतकरी ओहोटीत काम करतो. हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री येत असल्याने दिवे लावून.

हा शिंपला शंभरीही ओलांडतो, त्यामुळे उपसलेला साठा सावकाश भरतो आणि उपशावर कडक मर्यादा असते. बाजार दोघांचाही मुख्यतः चीन. डिसेंबर 2013 मधील आयातबंदीने दोघांनाही फटका बसला.

भांडवल नसलेल्या, धडधाकट तरुणाने मजुरीवर पाणबुड्याचे काम करावे. स्वतःचा किनारा आणि सहा वर्षांचा घरखर्च हाताशी असेल, त्यानेच शेती धरावी.